धार काढणाऱ्या हातांपर्यंत

दुधाचा विषय निघाला की आपल्याला आधी भेसळ आठवते. सणासुदीच्या तोंडावर छापे पडतात, टँकर रिकामे केले जातात, युरिया आणि धुण्याची पावडर हे शब्द बातम्यांतून फिरू लागतात आणि शहरातले घर आठवडाभर चहाच्या कपाकडे संशयाने पाहते. मग सण सरतो, संशयही सरतो. भेसळ करणाऱ्याला पकडलेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. पण दुधातला खरा धोका किती आणि कुठला, हे मोजून पाहिले तेव्हा चित्र जरा वेगळे दिसले.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले आणि पुढच्या वर्षी अहवाल प्रसिद्ध केला. घातक भेसळ आढळली ती १२ नमुन्यांत. त्याच अहवालात ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे, म्हणजे अँटिबायोटिक्सचे अंश मर्यादेपेक्षा जास्त होते, आणि ३६८ नमुन्यांत, म्हणजे जवळपास पावणेसहा टक्के दुधात, अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक निघाले. बारा आणि तीनशे अडुसष्ट. यातला पहिला आकडा बातमीचा विषय होतो आणि दुसरा होत नाही, कारण दुसऱ्यात खलनायक नाही.

हे विष दुधात कोणी मिसळत नाही. पावसाळ्यात ओल लागलेली सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मका किंवा कडब्याच्या गंजीचा खालचा थर यांवर बुरशी धरते. ती बुरशी अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. गाय ते खाते, तिचे यकृत त्याचे रूपांतर एम-१ मध्ये करते आणि त्यातला काही भाग एक-दोन दिवसांत दुधात उतरतो. यकृताच्या कर्करोगाशी ज्यांचा संबंध प्रस्थापित झाला आहे अशा विषांच्या कुळातले हे आहे. दूध उकळल्याने ते जात नाही, पाश्चरीकरणानेही जात नाही. मात्र बुरशीची पेंड बंद केली की चार-पाच दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. प्रतिजैविकांचेही तसेच. गाईला औषध टोचले की ठरावीक काळ तिचे दूध डेअरीला घालायचे नसते. हा काळ औषधाच्या वेष्टनावर छापणे २०१२ पासून बंधनकारक आहे. छापलेला असतोही, बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत.

म्हणजे ज्या दुधाची आपल्याला काळजी वाटायला हवी ते टँकरमध्ये बिघडत नाही, ते गोठ्यात बिघडते. तेही कुणाच्या लबाडीमुळे नव्हे, तर सवयीमुळे, घाईमुळे आणि कोणी नीट दाखवून न दिल्यामुळे. छापा घालून सवय बदलत नाही. एकेका पशुधन विकास अधिकाऱ्याच्या वाट्याला किती गावे येतात हे ग्रामीण भागातल्या कुणालाही विचारावे. आजारी जनावर बघायलाच त्यांना वेळ पुरत नाही, तर निरोगी जनावराच्या गोठ्यात जाऊन पेंड कशी साठवायची ते ते कधी सांगणार? तेव्हा माहितीपत्रक, रेडिओ, चित्रफीत, मोबाइल हे मार्ग आले. आता या मार्गांवर बराच पैसा खर्च होतो. २०२० मध्ये केंद्र सरकारने ई-गोपाला हे अ‍ॅप आणले. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या चित्रफिती अनेक भाषांत आहेत. डेअऱ्या, पशुखाद्य कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रे आणि हौशी यूट्यूबर यांची तर गणतीच नाही. तरीही गोठ्यातली सवय ज्या वेगाने बदलायला हवी त्या वेगाने बदलत नाही. हे का, याचा विचार करायला हवा.

चित्रफितीची ताकद कुठे आहे ते आधी पाहू. कासदाह हे उदाहरण घेऊ. याला गावात दगडी म्हणतात, कारण कास दगडासारखी घट्ट होते. पण कास घट्ट होऊन दुधात गाठी यायला लागतात तेव्हा रोग बराच पुढे गेलेला असतो. त्याआधी कित्येक दिवस, कधी महिने, तो सुप्त असतो. कास मऊ, गाय चारा खाते, दूध दिसायला पांढरेशुभ्र. फक्त लिटर-अर्धा लिटर कमी. शेतकरी म्हणतो, ‘उन्हाने आटली.’ मग एक दिवस कास सुजते, डॉक्टर येतात, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली जाते. एखादा सड कायमचा निकामी होतो. आणि त्या काळातले दूध टाकून देणे परवडत नाही म्हणून ते कॅनमध्ये जाते. दुधातल्या प्रतिजैविकांचे एक मोठे मूळ इथे आहे. कासदाह कमी झाला तर शेतकऱ्याचा औषधाचा खर्च वाचतो आणि आपल्या कपातले औषधही.

तो टाळण्याचे उपाय स्वस्त आहेत, पण ते सगळे हाताचे आहेत. कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसायची, प्रत्येक जनावराला वेगळे फडके. पहिल्या तीन-चार धारा जमिनीवर न सोडता काळ्या कापडावर किंवा वेगळ्या भांड्यात काढून गाठी दिसतात का पाहायचे. अंगठा दुमडून त्याच्या पेराने सड दाबत ओढायचा नाही. सड पूर्ण मुठीत घ्यायचा, वरून आधी अंगठा आणि तर्जनी मिटायची, मग एकेक बोट खाली मिटत यायचे. बोटे दुधात बुडवून ओली करायची नाहीत. पान्हा टिकतो पाच-सात मिनिटे. तेवढ्यात धार संपवायची. शेवटी प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा आणि गव्हाणीत चारा टाकून जनावर अर्धा तास तरी उभे राहील असे पाहायचे. धार काढल्यावर सडाचे तोंड लगेच मिटत नाही. तेवढ्यात गाय शेणात बसली तर जंतूंना दार उघडेच मिळते.

वरचा परिच्छेद वाचून कुणाला मुठीने धार काढता येईल असे वाटत नाही. बोटे कोणत्या क्रमाने मिटतात हे शब्दांत सांगायला चार ओळी लागल्या आणि तरी ते नीट कळले असेलच असे नाही. चित्रफितीत ते दहा सेकंदांत कळते. हालचाल शिकवायची असेल तर हलते चित्र हवे, इतकी ही साधी गोष्ट आहे. पोहायला, पोळी लाटायला कुणी पुस्तकावरून शिकत नाही.

वासराच्या चिकाचे तसेच. गाय व्यायली की वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, असा समज आपल्याकडे अनेक घरांत पक्का आहे. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासरापर्यंत पोचत नाहीत. वासरू जवळजवळ रित्या हाताने जन्माला येते आणि त्याची सगळी शिदोरी चिकात असते. ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता पहिल्या काही तासांत भराभर घटते आणि चोवीस तासांत जवळपास संपते. वार पडायला सहा-आठ तास लागले, तर तेवढा वेळ वासरू उपाशी आणि उघडे. व्याख्यानात हे सांगितले तर माना डोलतात. पण शेजारच्या गावातल्या एखाद्या म्हातारीने, ‘आम्हीबी वार पडायची वाट बघायचो, दोन रेडकं गेली, आता लगेच पाजतो,’ असे पडद्यावर सांगितले तर घरातली म्हातारी ऐकते. आणि गोठ्यातला शेवटचा शब्द पुष्कळदा तिचाच असतो.

ही गोष्ट आपल्या देशाला नवी नाही, उलट जुनीच आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभा केलेला हा चित्रपट. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याची नवी प्रत दाखवली गेली तेव्हा सगळीकडे पुन्हा त्या दोन रुपयांची आठवण निघाली. पण त्या चित्रपटाचा दुसरा उपयोग कमी लोकांना ठाऊक आहे. वर्गीज कुरियन यांनी त्याच्या प्रती गावोगावी पाठवल्या आणि त्यांच्यासोबत पशुवैद्य, दुग्धतंत्रज्ञ आणि चारातज्ज्ञ यांची पथके धाडली. रात्री चित्रपट, सकाळी प्रश्न. पडद्यावर जे दिसले ते आपल्या गावात करायचे तर काय करावे लागेल, हे सांगायला माणसे समोर उभी होती. चित्रपटाने भूक जागवली आणि पथकाने ताट वाढले. यातले एकच केले असते तर फारसे काही झाले नसते, असे आमचे मत आहे.

त्याच सुमारास, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६, अमेरिकेच्या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवून शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्याच्या जोडीने गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, म्हणजे अमूलच्या अंगणातच, पीज इथल्या छोट्या प्रक्षेपकावरून स्थानिक कार्यक्रम सुरू झाले आणि ते पुढे कितीतरी वर्षे चालले. तिथली बोली, तिथलेच प्रश्न, तिथलीच माणसे. १९८४ मध्ये युनेस्कोने ग्रामीण संज्ञापनासाठी त्याचा गौरव केला. दुसऱ्याच वर्षी तो प्रक्षेपक लोकांचा विरोध डावलून मद्रासला हलवण्यात आला. गौरव आणि गाशा गुंडाळणे यांत इतके कमी अंतर क्वचितच असते. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच्या ‘आमची माती आमची माणसं’ने एका पिढीला शेतीविषयक कार्यक्रम पाहण्याची सवय लावली, हेही नोंदवायला हवे, पण एका केंद्रातून सगळ्या राज्याशी बोलणे आणि एका जिल्ह्याने स्वतःशी बोलणे यांत फरक राहतोच.

हा फरक किती, याचा अंदाज कर्नाटकात झालेल्या एका प्रयोगातून येतो. २००६ च्या सुमारास बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये रिकिन गांधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डिजिटल ग्रीन’ची सुरुवात केली. चित्रफिती गावातल्याच शेतकऱ्यांच्या, साध्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या. जनावरांसाठी अ‍ॅझोला वाढवण्यासारखे विषयही त्यांत होते. त्या संध्याकाळी छोट्या गटात दाखवायच्या आणि दाखवणारा माणूसही गावचाच. तो मध्येच चित्र थांबवायचा, विचारायचा, ‘आत्ता त्यानं काय केलं? तुमच्याकडं हे जमंल का?’ आणि कोण करून पाहणार त्याची नोंद ठेवायचा. सोळा गावांतल्या चाचणीत, नेहमीच्या पद्धतीने कार्यकर्त्याने घरोघरी जाऊन सांगण्यापेक्षा या पद्धतीने नव्या गोष्टी अंगीकारणाऱ्यांचे प्रमाण सुमारे सातपट भरले. सातपट हा आकडा सगळीकडे तसाच येईल असे कुणी समजू नये. प्रयोगात असलेली आस्था योजनेत उतरत नाही. पण त्यातले एक निरीक्षण कुठेही लागू पडावे. चित्रफीत सुरू झाली की पाहणारे आधी विचारत, हा कोण, कुठल्या गावचा? पद्धत कोणती हा प्रश्न नंतर. माणूस ओळखीचा निघाला, त्याची जमीन आपल्यासारखीच, त्याच्याही दावणीला दोनच जनावरे, तर पुढचे ऐकायचे.

या कसोटीवर आजच्या आपल्या चित्रफिती लावून पाहा. यूट्यूबवर दुग्धव्यवसायाचे मराठी व्हिडिओ हजारोंनी आहेत आणि त्यांतले लोकप्रिय बहुतेक एकाच साच्याचे: शंभर होल्स्टीनचा गोठा, धार काढायचे यंत्र, उंच पत्र्याची शेड, ढोलताशाचे संगीत आणि ‘महिना इतके लाख’. दोन संकरित गाई आणि एक म्हैस सांभाळणारा माणूस ते पाहतो तसा सिनेमा पाहतो. पाहून सुखावतो, उठतो आणि अंगठा दुमडून धार काढतो. दुसरीकडे सरकारी व विद्यापीठीय चित्रफिती. माहिती अचूक, पण टेबलामागे बसून बोलणारे तज्ज्ञ आणि ‘दुग्धोत्पादनक्षम पशूंच्या स्तनाग्रांचे निर्जंतुकीकरण’ असली भाषा. सड म्हणायला कसली लाज? मुक्त संचार गोठा हा उत्तम विचार आहे. जनावर मोकळे फिरते, स्वतः पाणी पिते, माणसाचे कष्ट वाचतात. तो जुन्या बांबूंनी आणि साध्या जाळीने करता येतो. व्हिडिओत मात्र तो लाखोंच्या लोखंडी पाइपांचाच दिसतो, आणि पाहणारा ते आपले काम नव्हे असे म्हणून विषय सोडून देतो.

(चित्रीकरणाबद्दल एक गमतीची पण खरी गोष्ट. गाय पान्हा सोडते ती ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि अनोळखी माणसे, आरडाओरडा, भीती यांनी पान्हा चोरला जातो. दिवे, छत्र्या आणि पाच माणसांचे पथक घेऊन गोठ्यात शिरणाऱ्यांना आदर्श धार दाखवता येत नाही, ती यामुळेही. घरच्या माणसाच्या हातातला मोबाइल गाईला चालतो.)

मोबाइलने एक प्रश्न सोडवला आणि दुसरा उभा केला. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग राज्यात पसरला तेव्हा हे लख्ख दिसले. हा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत पसरतो, जनावरांतून माणसाला होत नाही, आणि शेळ्यांच्या देवीची लस त्यावर वापरता येते, ही तिन्ही वाक्ये पशुसंवर्धन विभाग सांगत होता. पण गाठींनी भरलेल्या गाईचा फोटो आणि ‘दूध पिऊ नका’ हा मजकूर त्याआधी घराघरांत पोचला होता. आजारी जनावरांचे हाल, त्यात दुधाला गिऱ्हाईक नाही, असा दुहेरी मार शेतकऱ्याला बसला. अफवा वेगाने गेली कारण ती छोटी होती, भीतीची होती आणि ओळखीच्या माणसाकडून आली होती. विभागाचे पत्रक पीडीएफ होते. ज्यांना शेतकऱ्याशी बोलायचे आहे त्यांनी ओळखीच्या माणसाकडून येण्याचा हा गुण अफवेकडून शिकावा, भीतीचा नव्हे.

आता सर्वांत अवघड भाग. गोठ्यातली कामे कोण करते? शेण काढणे, चारा टाकणे, पाणी पाजणे, वासरू सांभाळणे आणि बऱ्याच घरांत धार काढणे हेही बाईचे काम. डेअरीचे पासबुक, बैठक, प्रशिक्षण आणि फोन पुरुषाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशाच्या ग्रामीण भागातल्या २४.६ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हेच प्रमाण ४८.७ टक्के. त्यानंतर आकडे वाढले असणार. तरी गटावर आलेली चित्रफीत नवऱ्याच्या फोनवर, नवरा पारावर आणि सड बायकोच्या मुठीत, हे चित्र कुठल्याही गावाला ओळखीचे वाटेल. ‘एक लाख व्ह्यूज’मधले किती व्ह्यूज धार काढणाऱ्यांचे, हे कुठलाही विभाग सांगत नाही, कारण ते मोजले जात नाही.

घरात कुणाला दाखवले यानेही फरक पडतो. युगांडात मका पिकवणाऱ्या कुटुंबांवर झालेल्या एका अभ्यासात शेतीविषयक चित्रफीत कुठे एकट्या नवऱ्याला, कुठे एकट्या बायकोला, कुठे दोघांना मिळून दाखवली गेली. बायकोला स्वतंत्रपणे दाखवल्यावर तिचे ज्ञान वाढले आणि शेतीच्या निर्णयांतला तिचा वाटाही वाढला. नवऱ्याला सांगितलेले घरी आपोआप झिरपते, ही समजूत इथेही तितकीच तपासून पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे महिला बचत गटांचे जाळे गावोगाव आहे. ‘उमेद’च्या पशुसखी आहेत. महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटांची चित्रफीत आणि वीस मिनिटांच्या गप्पा, याला वेगळ्या निधीची गरज नाही. शिवाय धार काढताना दोन्ही हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. पहाटे साडेपाचला गोठ्यात वाजणारा रेडिओ किंवा फोनवर आलेला तीन मिनिटांचा आवाजी संदेश चित्रफितीला उत्तम जोड ठरू शकतो. आकाशवाणीने शेतकऱ्यांशी सकाळ-संध्याकाळ बोलण्याची रीत आपल्याला अनेक दशकांपूर्वी घालून दिली आहे. ती जुनी झाली म्हणून निरुपयोगी झाली नाही.

मात्र एवढे सगळे केले आणि संकलन केंद्रावरचा दर तसाच ठेवला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. आपल्याकडे दुधाचा दर ठरतो फॅट आणि एसएनएफवर; साडेतीन-साडेआठ हे आकडे गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. दुधात जंतू किती, प्रतिजैविक आहे का, पेंडीचे विष आहे का, याचा त्या दराशी सहसा संबंध नसतो. एका घरच्या बाईने कास धुतली, सड बुडवले, औषध चालू असलेल्या गाईचे दूध चार दिवस वेगळे काढून टाकले. शेजारणीने यातले काही केले नाही. महिन्याअखेर दोघींच्या हातात लिटरमागे सारखेच पैसे पडतात, किंबहुना पहिलीला चार दिवसांचे कमीच. अशा व्यवहारात चित्रफीत म्हणजे उपदेश होतो, आणि उपदेशाला गावात फारशी किंमत नसते. औषधोपचार चालू असल्याचे आपणहून सांगणाऱ्या घराला त्या दिवसांची काही भरपाई देण्याची सोय डेअऱ्यांनी केली, तर तिचा खर्च आधी जड वाटेल. पण एका घरचे दूषित दूध कॅनमधून टँकरमध्ये गेले की सगळा टँकर दूषित होतो, आणि त्याचे नुकसान डेअरीलाच सोसावे लागते. कासदाहाची गोष्ट थोडी सोपी आहे, कारण तिथे शेतकऱ्याचा फायदा त्याच्याच गोठ्यात आहे: सुप्त रोग आटोक्यात आला की दूध वाढते. त्यामुळे सुरुवात तिथून करावी. वेगळ्या चार खणांच्या थाळीत चार सडांचे दूध घेऊन त्यात द्रावण टाकायचे आणि ते जेलीसारखे घट्ट होते का पाहायचे, ही कॅलिफोर्निया मॅस्टायटिस चाचणी मिनिटभराची आणि अगदी स्वस्तातली आहे. दिसायला निरोगी गाईचे दूध आपल्या डोळ्यांसमोर घट्ट होताना पाहणे, याहून परिणामकारक चित्रपट कुठला असेल?

आणि ते दाखवायला थिएटर आहेच. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ रांग लागते. यंत्रावर फॅट दिसते, पडद्यावर दर दिसतो, पावती निघते. सगळ्यांची नजर त्या पडद्यावर खिळलेली असते, तितक्या उत्सुकतेने यूट्यूबकडेही कुणी पाहत नाही. त्याच पडद्यावर दोन मिनिटे तालुक्यातल्याच एखाद्या गोठ्याची चित्रफीत आणि आठवड्यातून एक दिवस प्रश्नांना उत्तर द्यायला पशुधन पर्यवेक्षक किंवा पशुसखी. १९७६ मध्ये चित्रपटाच्या रिळांसोबत पथके पाठवता आली होती. आता रीळ खिशात आहे, पथक तेवढे उभे करायचे आहे. यश मोजायचे तर व्ह्यूज मोजू नयेत. सहा महिन्यांपूर्वी गावातल्या किती गाईंचे दूध त्या थाळीत घट्ट होत होते आणि आज किती, हे केंद्राच्या भिंतीवर खडूने लिहावे.

वेळही साधायला हवी. बुरशीची चित्रफीत ऑक्टोबरात दाखवून उपयोग नाही. तोवर पेंड काळी पडलेली असते आणि विष दुधात उतरून गेलेले असते. पेंडीची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत, एका वेळी महिनाभराहून जास्त साठा करू नये आणि गाठी धरलेली, कुबट वास येणारी पेंड म्हशीलाही घालू नये, हे सांगणारी दोन मिनिटे मृगाच्या आधी, मे महिन्याच्या अखेरीस त्या रांगेसमोर यायला हवीत.